जेवायलास का पळायलास?

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्या रक्ततपासणीत एचबी-ए-वन-सी ६.१ आलं. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा हा अंदाज असतो. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून हा आकडा खाली येत नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार या उंबरठ्यावर १३ कोटी ६० लाख भारतीय उभे आहेत, आणि तो ओलांडलेले १० कोटी १० लाख.

त्याच आठवड्यात माय परभणीहून लातूरला आमच्याकडे राहायला आली होती. रात्री मी ताटाशेजारी मोबाइल ठेवून जेवत होतो. ती म्हणाली, "अरे, जेवायलास का पळायलास?" दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ लावून जेवलो. सात मिनिटं, आठ मिनिटं, एकदा तर सहाच. काय खावं यावर मी बरंच वाचलं होतं. किती वेळात खावं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

पोट भरल्याचं मेंदूला एका निरोपात कळत नाही. जठर ताणलं गेलं की त्याच्या भिंतीतले संवेदक व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूवाटे लगेच वर्दी देतात, पण ती फक्त आकारमानाची. तांब्याभर पाणी प्यायलं तरीही ती जाते. आत काय आलंय हे सांगणारे निरोप रासायनिक असतात आणि त्यांना वेळ लागतो. अन्न थोडं थोडं लहान आतड्यात उतरतं. तिथे स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवतं. आतड्यात आणखी खाली जीएलपी-१ आणि पीवायवाय तयार होतात. दुसऱ्या बाजूने भूक लावणारं ग्रेलिन हळूहळू उतरायला लागतं. हे संप्रेरक मासायासु कोजिमा आणि केंजी कानगावा या जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलं. हे सगळं जुळून यायला पंधरा-वीस मिनिटं जातात. सात मिनिटांत जेवण उरकलं तर निरोप पोचतो तेव्हा आपण हात धुवून उठलेले असतो, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलेला भात पोटात गेलेला असतो.

यातल्या जीएलपी-१चं नाव सध्या सगळीकडे ऐकू येतं. शरीरात तयार झालेलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांतच निकामी होतं. मधुमेहासाठी आणि वजन कमी करण्यासाठी दिलं जाणारं सेमाग्लुटाइड हे औषध त्याचीच नक्कल आहे, फक्त ते आठवडाभर टिकेल अशा बेताने बनवलंय. ज्यांना ते लागतं त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावं. मला त्यातून एवढंच समजलं की ज्या निरोपासाठी जगभर इतका खटाटोप चाललाय, तो निरोप आपलं आतडं रोज पाठवत असतं.

खाण्याच्या वेगाबद्दलचा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, ताजं शिजवलेलं. दोन्हीत वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, तंतू सारखे. हवं तितकं खायची मुभा होती. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. ते अन्न मऊ होतं, चावायला कमी लागत होतं, आणि बहुधा म्हणूनच ते भराभर संपत होतं.

इथे मला ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे तिचं पीठ गव्हासारखं ताणत नाही. आपल्या बायका आधणाचं पाणी घालून पीठ मळतात तेव्हा काही स्टार्च तिथेच फुगून चिकट होतं आणि भाकरी थापता येते. पीठ शिळं झालं की विरी जाते आणि भाकरीच्या कडा फाटतात. ज्वारीतलं काफिरिन हे प्रथिन स्टार्चच्या कणांना वेढून असतं आणि पाण्यासह तापवल्यावर आणखी घट्ट विणलं जातं, म्हणून पाचकरसांना आत शिरायला वेळ लागतो. शिवाय भाकरी मोडावी लागते, चावावी लागते, तोंडात लाळेत भिजावी लागते. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला तिथेच सुरुवात करतं. म्हणूनच घास बराच वेळ चावला की तो गोड लागायला लागतो. पण भाकरी म्हणजे औषध नव्हे. चार भाकरी आणि बोटभर पिठलं असं जेवण साखरेच्या रुग्णाला सोसणार नाही. आमच्या ताटात एक भाकरी कमी झाली आणि तिची जागा भाजीने घेतली.

ती भाजी येणार कुठून, हा प्रश्न लातूरात साधा नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला पन्नास-पन्नास हजार लिटरचे दहा टँकर होते. ज्या गावाने घागरी मोजून पाणी भरलंय, तिथे घरामागे भाजी लावायची म्हणजे शेजारी विचारणारच, झाडांना कुठलं पाणी? आमच्याकडे त्याला मायने उत्तर दिलं. तिने न रंगवलेली पाच मडकी आणायला लावली, वाफ्यात गळ्यापर्यंत पुरली, पाणी भरलं आणि तोंडावर पसरट दगड ठेवला. मी खाली भोक पाडायला निघालो तर म्हणाली, "भोक कशाला? त्याचं ते पाझरतंय की."

भाजलेल्या मातीच्या अंगात सूक्ष्म छिद्रं असतात. माठातलं पाणी थंड होतं ते त्यांच्यामुळेच. मडकं जमिनीत असलं की भोवतालची कोरडी माती त्या छिद्रांतून पाणी ओढून घेते. माती ओली झाली की तिची ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. झाडाने पाणी उचललं, माती पुन्हा वाळली, की पुन्हा ओढ. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही या पद्धतीचं वर्णन आहे. किती पाणी द्यायचं हे देणारा ठरवत नाही, घेणाऱ्याची गरज ठरवते. आमच्याकडे एप्रिलमध्ये मडकं तीन दिवसांत रिकामं होतं, तर ढगाळ जुलैत दहा दिवस हात लावावा लागत नाही.

तांदूळ, डाळी, भाज्या धुतल्याचं पाणी आम्ही वाफ्यात घालतो. कपड्यांचं आणि भांड्यांच्या साबणाचं मात्र नाही. आपली काळी माती मुळातच फुगणाऱ्या, चिकट कणांची. धुण्याच्या पावडरीतलं सोडियम या कणांची जुडी मोडतं, मग ओली असताना चिखल आणि वाळली की दगड अशी तिची गत होते. शेणखत, थोडा बारीक मुरूम आणि वर सोयाबीनच्या भुसकटाचं बोटभर आच्छादन एवढ्याने आमच्या वाफ्यातल्या भेगा पहिल्याच वर्षी कमी झाल्या.

दुसऱ्या वर्षी जास्वंदीची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. उसावर असं झालं की शेतकरी केवडा पडला म्हणतात. ही लोहाची कमतरता. नवल असं, की मातीत लोह भरपूर असतं. पण मराठवाड्याची काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. अशा मातीत लोह फेरिक रूपात अडकून पडतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि झाड भरल्या कोठारात उपाशी राहतं.

नेमक्या त्याच महिन्यात माझ्या पत्नीचं हिमोग्लोबिन ९.८ आलं. गरोदर नसलेल्या बाईला ते किमान १२ हवं. तिच्याच आहारात पालेभाज्या सगळ्यांत जास्त होत्या. ती काही एकटी नव्हती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. वनस्पतींतलं लोह बहुतांशी फेरिक असतं. आतड्याला ते फेरस या जास्त विरघळणाऱ्या रूपात आणून मगच आत घ्यावं लागतं, आणि या कामाला क जीवनसत्त्व मदत करतं. जास्वंदीची मुळंही तेच करतात. आम्ल सोडून लोह विरघळवतात, मुळाच्या पृष्ठभागावरचं विकर फेरिकचं फेरस करतं, मग ते आत जातं. ज्वारी, गहू, मका या तृणवर्गीयांची तऱ्हा वेगळी. त्यांची मुळं लोहाला कवेत घेणारे रेणू मातीत सोडतात आणि त्या जोडीला तसंच आत ओढून घेतात. माणसाचं आतडं आणि जास्वंदीचं मूळ एकाच अडचणीवर एकाच वाटेने उत्तर शोधतात, हे वाचलं त्या दिवशी मी वाफ्यापाशी बराच वेळ उभा होतो.

डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या हव्याच होत्या. इतकं उतरलेलं हिमोग्लोबिन नुसत्या भाजीने लवकर वर येत नाही. त्याबरोबर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पालेभाजीवर लिंबू पिळायला लागलो, आणि जेवण झाल्या झाल्या होणारा चहा तासभर पुढे ढकलला, कारण चहातले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला आतड्यातच बांधून ठेवतात. ज्वारी आमच्याकडे आता 'परभणी शक्ती' येते. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट यांनी तयार केलेलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं हे वाण २०१८ मध्ये आलं.

लोह कमी पडतं तसं जास्त झालं तरी घातक. गंमत म्हणजे नको असलेलं लोह बाहेर टाकायची खास वाटच शरीराकडे नाही. सगळं नियंत्रण दारावर. रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम आत घेतलं जातं आणि साधारण तितकंच झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जातं. साठा भरला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आतड्याचं दार ओढलं जातं. साठा उतरला की हेप्सिडिन कमी, दार किलकिलं. अशा सतत चाललेल्या दुरुस्तीला अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस हे नाव दिलं, मराठीत आपण समस्थिती म्हणतो. मला त्यासाठी मायने पुरलेलं मडकं आठवतं. समतोल असा एकदा मिळवून फडताळात ठेवता येत नाही. ओढ वाढते, पाझरतं, ओढ कमी होते, थांबतं.

मडक्याभोवतीच्या ओल्या कड्यात न लावता जे उगवतं त्यात चिघळ ही घोळीसारखी रानभाजी सगळ्यांत आधी. लोक तिला तण म्हणून उपटतात. जवसात असतं तेच अल्फा-लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-३ प्रकारचं स्निग्ध आम्ल) हिरव्या पानांमध्ये सर्वाधिक प्रमाणात असणाऱ्यांपैकी चिघळ एक आहे. तिच्यात ऑक्झॅलेटही बरंच असतं, म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती जपूनच खावी. जवस मात्र चटणी करूनच खावं, अख्खा दाणा बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतो. कोपऱ्यात एक शेवगा आहे. मूळ धरल्यावर त्याला पाणी जवळजवळ लागत नाही आणि कोवळ्या पाल्याची भाजी उन्हाळ्यातही निघते. थंडीत मेथी, पालक, करडईचा कोवळा पाला. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात सगळ्या भाज्या एकत्र शिजवून भज्जी करतात, सोबत आंबील आणि बाजरीचे उंडे. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी कुणीही सात मिनिटांत जेवत नाही, आणि ताटात एरवीच्या चौपट भाज्या असतात.

बागकामाने माणूस बदलतो का, हेही तपासलं गेलंय. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये २९१ जणांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना सामुदायिक बागेत वाफा दिला, अर्ध्यांना थांबायला सांगितलं. बाग करणाऱ्यांच्या आहारात तंतूंची भर पडली दिवसाला सुमारे १.४ ग्रॅम. लहानच आकडा, आणि तो लहान आहे म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसतो. फिनलंडमध्ये २०२० च्या अभ्यासात पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ अंथरली, तर २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणाही बदलल्या. मातीत हात घालावा, पण बोटाला चीर असेल तर हातमोजे घालून, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असावं. सावकाश, लक्ष देऊन जेवण्याबद्दलचे निष्कर्षही असेच संयत आहेत. मन:स्ताप झाला की खात सुटण्याची सवय त्याने आटोक्यात येते असं दिसतं. वजनावरचा परिणाम सगळ्यांत सारखा नाही.

माझं एचबी-ए-वन-सी वर्षभरात ५.८ वर आलं. एक भाकरी कमी झाली, जेवण वीस मिनिटांवर गेलं, वाफ्यात रोज वाकणं सुरू झालं, आणि रात्री मायबरोबर शतपावलीही. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतात. यातल्या कशाने किती फरक पडला, हे एका माणसाच्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

यंदा मृगाआधी दोन मडकी बदलायची आहेत. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यांनी छिद्रं बुजली आणि पाणी आठवडाभर तसंच राहायला लागलं. जुना माठ पाणी गार करेनासा होतो तो याच कारणाने. कुंभारवाड्यात सांगून ठेवलंय, रंग न लावलेली हवीत.