ऑफलाइन लॅपटॉप आणि एअर-गॅप लॅपटॉप : दिसायला जुळे, वागायला निराळे

टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींच्या स्क्रीनवर वाय-फायच्या चिन्हावर काट, आणि ब्राउझर उघडला तर दोन्हीकडे 'इंटरनेट नाही' हाच निरोप. एकाचं वाय-फाय मालकाने आज सकाळी बंद केलंय. दुसऱ्यात वाय-फायचं कार्डच नाही. ते काढून टाकलं, मग नवी सिस्टीम चढवली, आणि तेव्हापासून तो कुठल्याही नेटवर्कला लागलेला नाही. लोक दोघांनाही 'ऑफलाइन लॅपटॉप' म्हणतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो.

दुसऱ्याचं खरं नाव एअर-गॅप. म्हणजे यंत्र आणि जग यांच्यामध्ये नुसती हवा. लॅपटॉप ऑफलाइन आहे की नाही, हे आत्ता स्क्रीनकडे बघून सांगता येतं. तो एअर-गॅप आहे की नाही, हे बघून कळत नाही; त्याची सगळी कुंडली विचारावी लागते. कधी जोडला होता का, कुणी जोडला, त्यात कोणकोणते पेन ड्राइव्ह लागून गेले? एका प्रश्नाचं उत्तर जरी 'आठवत नाही' असं आलं, तर तो ऑफलाइनच समजायचा.

हा शब्दच्छल वाटेल, पण परिणाम फार रोजचे आहेत. क्लाउडशी जोडलेला फोल्डर घ्या. विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर अनेकदा वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या, ताब्यात असतात. वाय-फाय बंद करून तुम्ही दिवसभर एक गोपनीय फाइल लिहिता आणि डेस्कटॉपवर ठेवता. दुसऱ्या दिवशी मेल बघायला वाय-फाय चालू केलं, की ती फाइल निमूटपणे वर निघून जाते. इथे कुणा हॅकरची गरजच पडली नाही. लॅपटॉपमध्ये आधीपासून एखादा हेर प्रोग्रॅम बसलेला असेल, तर त्याचंही तसंच: नेट नसताना तो फाइली गोळा करतो, नेट आलं की पाठवतो. ऑफलाइन असण्याने चोरी टळत नाही, लांबते.

शिवाय विमान मोड हे सॉफ्टवेअरचं बटण आहे. जे सॉफ्टवेअर ते बंद करतं, तेच चालूही करू शकतं. ब्लूटूथ तर कित्येकदा विसरलं जातं. अॅपलच्या मॅकमध्ये २०१९पासून अशी सोय आहे, की मॅक इंटरनेटला जोडलेला नसला तरी ब्लूटूथवरून हळूच खूण देत राहतो आणि जवळून जाणारे दुसऱ्यांचे आयफोन ती टिपून त्याचा ठावठिकाणा कळवतात. हरवलेला लॅपटॉप शोधायला उत्तम सोय. पण 'माझा लॅपटॉप ऑफलाइन आहे' या वाक्याचा अर्थ किती सैल आहे, तेही यातून दिसतं.

मग ऑफलाइन लॅपटॉप कुचकामाचा का? अजिबात नाही. माझं स्पष्ट मत आहे, की बहुतेकांना तेवढंच पुरतं. घरचे हिशेब, वैद्यकीय कागद, ओळखपत्रांच्या प्रती एवढंच जपायचं असेल, तर वेळच्या वेळी अपडेट होणारा, पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेला (म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेला) साधा लॅपटॉप हा अर्धवट एअर-गॅपपेक्षा कितीतरी बरा. एअर-गॅपची खटपट त्यांच्यासाठी, ज्यांच्या फाइली फुटल्या तर माणूस अडचणीत येतो किंवा नुकसान भरून निघत नाही: सूत्रांनी दिलेली कागदपत्रं सांभाळणारे पत्रकार, नाजूक खटल्यांचे वकील, सॉफ्टवेअरवर सही करायची खासगी किल्ली राखणारे लोक. इंटरनेटच्या पत्ता-यंत्रणेची, म्हणजे डीएनएसची, मूळ किल्ली वापरण्याचा विधी २०१०पासून होतो. त्यात वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपला हार्ड डिस्क नसते, बॅटरीही नसते. तो बाहेरून घातलेल्या सिस्टीमवरून सुरू होतो आणि वीज काढली की सगळं विसरतो. एअर-गॅप टोकाला नेला, की असा दिसतो.

दोन्हींची मांडणीही सुरुवातीपासूनच वेगळी होते. ऑफलाइन लॅपटॉपसाठी हातात आहे तो घ्यायचा, एन्क्रिप्शन चालू करायचं, क्लाउडचं सिंक तोडायचं, झालं. एअर-गॅपसाठी यंत्र निवडतानाच बघावं लागतं, की वाय-फायचं कार्ड निघतं की मदरबोर्डवरच जोडलेलं आहे. निघणारं असेल तर काम सोपं: लॅपटॉप बंद करून, चार्जर आणि बॅटरी सोडवून खालचं झाकण उघडायचं. बोटाच्या पेराएवढं कार्ड एका स्क्रूवर बसलेलं असतं, त्याला अँटेनाच्या दोन बारीक वायरी असतात. वायरी सुट्या करून टोकांना चिकटपट्टी लावायची, कार्ड बाजूला ठेवायचं. ब्लूटूथ सहसा त्याच कार्डावर असतं, त्यामुळे तेही जातं. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन वाय-फाय बंद करता येतं हे खरं, पण ते पुन्हा एक बटणच झालं. कार्ड खणात पडलेलं असलं, की कुठल्याच सॉफ्टवेअरचं त्यापुढे काही चालत नाही.

सिस्टीम चढवताना विंडोज ११ अडवतं: ते नेट मागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. त्या खात्याने आत गेलात, तर डिस्कच्या एन्क्रिप्शनची रिकव्हरी किल्लीही सहसा त्याच खात्यात जमा होते. ऑफलाइन लॅपटॉपला हे चालेल, उलट विसरभोळ्यांना आधारच आहे. एअर-गॅपच्या बाबतीत मात्र घराची दुसरी किल्ली पहिल्याच दिवशी परक्या हाती दिल्यासारखं होतं. म्हणून इथे विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम बरी. दुसऱ्या संगणकावर इन्स्टॉलर उतरवायचा आणि त्याची डिजिटल सही तपासायची, म्हणजे ती प्रत मूळ बनवणाऱ्यांचीच आहे ना, हे बघायचं. हा टप्पा लोक हमखास गाळतात. फेब्रुवारी २०१६मध्ये मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि डाउनलोडची लिंक चोरदरवाजा बसवलेल्या प्रतीकडे वळवली. त्या प्रतीवरून कुणी एअर-गॅप लॅपटॉप उभारला असता, तर पायाच पोखरलेला.

सुरक्षा-तज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २०१३मध्ये अमेरिकी गुप्तचर संस्थेची गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनच्या कागदपत्रांवर काम करायला वेगळा नवा संगणक घेतला होता. दुकानातून सरळ उचलून आणलेला. लागणारं सगळं त्यांनी एका मित्राच्या नेटवर्कवर एकाच बैठकीत उतरवून घेतलं आणि मग नेट कायमचं तोडलं. इतक्या सावध माणसालाही सुरुवातीला एकदा जोडावं लागलं, याचं मला उलट समाधान वाटतं. आज मात्र तेवढंही टाळता येतं.

जाता जाता आणखी एक गल्लत निस्तरू. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. नुसता लॉगिन पासवर्ड असेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली, की सगळ्या फाइली वाचता येतात. पूर्ण डिस्कचं एन्क्रिप्शन सिस्टीम चढवतानाच निवडायचं. पासवर्डसाठी डाइसवेअरची युक्ती चांगली: फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून सहा-सात शब्द निवडायचे. आपण 'सुचवलेले' शब्द फाशांइतके बेभरवशाचे कधीच नसतात. आणि एअर-गॅपवर 'पासवर्ड विसरलात?' ही लिंक नसते, हे आधीच मनाशी धरून चालावं.

खरा कस लागतो तो फाइल आत-बाहेर नेताना. ऑफलाइन लॅपटॉपला पेन ड्राइव्ह ही किरकोळ वस्तू. एअर-गॅपला तोच एकमेव उंबरठा, आणि मोठे घात झाले ते त्यावरूनच. २००८मध्ये अमेरिकी सैन्याच्या गोपनीय नेटवर्कमध्ये किडा (वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) शिरला तो एका पेन ड्राइव्हमधून. २०१०मध्ये उघडकीला आलेलं स्टक्सनेट हे घातक सॉफ्टवेअर इराणच्या नतांझ इथल्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजपर्यंत, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांपर्यंत, पोचलं, त्या यंत्रणा इंटरनेटला जोडलेल्या नसतानाही. त्याला फाइल उघडण्याचीही गरज नव्हती; पेन ड्राइव्हमधल्या शॉर्टकटचं चित्र विंडोजने नुसतं दाखवलं, की काम झालं. पुढे २०१४मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवून दिलं, की पेन ड्राइव्हच्या आतल्या चिपचाच प्रोग्रॅम बदलून त्याला कीबोर्ड असल्याची बतावणी करायला लावता येतं. अँटिव्हायरस फाइली तपासतो, तिथे त्याला काहीच सापडणार नाही.

त्यामुळे एअर-गॅपवाल्यांचे नियम बाहेरच्याला विक्षिप्त वाटतात. एका रंगाचा ड्राइव्ह फक्त आत आणायला, दुसऱ्या रंगाचा फक्त बाहेर न्यायला, आणि दोन्ही आणखी कुठेही लावायचे नाहीत. कुणी एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी वापरतात. जागा कमी, म्हणून चोरून काही न्यायलाही वाव कमी. बाहेर फक्त एखादी सही किंवा छोटा मजकूर न्यायचा असेल, तर क्यूआर कोड स्क्रीनवर दाखवून दुसऱ्या यंत्राच्या कॅमेऱ्याने टिपणं हा मला सगळ्यांत आवडलेला मार्ग. काय चाललंय ते निदान डोळ्यांना दिसतं.

अपडेटच्या बाबतीत दोघांचे सल्ले थेट उलटे आहेत. ऑफलाइन लॅपटॉप अधूनमधून जोडा आणि अपडेट करा, नाहीतर तो शिळा होतो. एअर-गॅपला 'फक्त पाच मिनिटं' जोडणं हीच त्याची अखेर. अपडेट त्यालाही हवेतच, कारण बाहेरून आलेल्या पीडीएफ तो उघडणार असतो. पण ते सही तपासून हाताने वाहून न्यायचे. एकदा नेटवर्कला लागलाच, तर डिस्क पुसून पहिल्यापासून उभारणी. मधला मार्ग नाही.

मेमरीच्या लहरींमधून, पंख्याच्या आवाजातून, हार्ड डिस्कच्या लुकलुकत्या दिव्यातून माहिती बाहेर काढता येते, अशी प्रात्यक्षिकं मोर्देखाय गुरी आणि इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं करत आलेत. वाचायला विलक्षण, पण यांपायी झोप घालवू नका. या युक्त्या चालायला त्या यंत्रात आधी शत्रूचा प्रोग्रॅम शिरलेला लागतो, आणि तो शिरणार बहुधा पेन ड्राइव्हमधूनच. त्यापेक्षा टेबलावरचा फोन उचलून दुसऱ्या खोलीत ठेवा. एअर-गॅप स्क्रीनचा 'आठवणीसाठी' काढलेला फोटो थेट क्लाउडवर जातो, याकडे कुणाचं लक्ष नसतं.

काम संपलं की झाकण मिटू नका, लॅपटॉप पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत जागीच असते, आणि वीज गेल्यावरही मेमरी काही क्षण शाबूत राहते, गार केली तर आणखी जास्त. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००८मध्येच हे करून दाखवलंय. तळाच्या स्क्रूंवर चमकीचं नेलपॉलिश लावून त्याचा फोटो ठेवणारे लोक हास्यास्पद वाटतात खरे, पण मागे कुणी लॅपटॉप उघडला का, हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

बॅकअपही एन्क्रिप्ट केलेल्या दुसऱ्या ड्राइव्हवर, दुसऱ्या जागी ठेवावा. लिनक्सच्या एन्क्रिप्शनमध्ये डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो, त्याला हेडर म्हणतात. तो बिघडला तर पासवर्ड पाठ असूनही डिस्क उघडत नाही, म्हणून त्याचीही प्रत काढून जपून ठेवायची.

आणि लॅपटॉप निवृत्त करायची वेळ आली, की सुरुवातीचा फरक पुन्हा वर येतो. एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर, फाइल पुसून वर दुसरं काही लिहिलं, तरी जुनी प्रत आत कुठेतरी उरू शकते, कारण कुठल्या कप्प्यात लिहायचं ते ड्राइव्ह स्वतः ठरवतो. ज्या ऑफलाइन लॅपटॉपचं एन्क्रिप्शन दोन वर्षांनी सुचलं, त्याच्या पोटात दोन वर्षांच्या उघड्या फाइलींचे तुकडे असू शकतात. तो ड्राइव्ह विकू नये. एअर-गॅप लॅपटॉपवर मात्र पहिली फाइल यायच्या आधीपासून सगळं एन्क्रिप्ट होतं. तिथे हेडर आणि त्याच्या सगळ्या प्रती नष्ट केल्या, की उरतो तो निव्वळ कचरा. मग खणातलं वाय-फायचं कार्ड परत बसवून तो कुणालाही वापरायला द्या.