पार्श्वभूमी : 'बडोदेकर' हे आडनाव आलं कुठून?

एखाद्या गायक जोडप्याच्या आयुष्यावर चित्रपट आला, की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांमधून बोलणं हटकून एका विषयावर येतं. गवई अब्दुल करीम खाँसाहेब आणि त्यांची शिष्या व पुढे पत्नी झालेल्या ताराबाई यांच्यावर चित्रपट निघायला हवा. राजवाडा आहे, तालीम आहे, प्रेम आहे, घर सोडून जाणं आहे आणि गाणं किराणा घराण्याचं. सगळं खरं. पण ही गोष्ट प्रेमापाशी सुरू करून पळून जाण्यापाशी संपवली, तर तिचा मोठा भाग सांगायचा राहून जातो.

आमच्याकडे आजोबांच्या वेळची एक तबकडी आहे. मधल्या गोल कागदाचा रंग उडालाय, पण 'हिराबाई बडोदेकर' ही अक्षरं अजून वाचता येतात. हिराबाई ही याच दोघांची गायिका मुलगी. जन्म १९०५ सालचा, मिरजेचा. गाणं घडलं आणि गाजलं ते मुंबई-पुण्याकडे. मग आडनाव बडोद्याचं कसं?

त्यासाठी सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात जावं लागतं. १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेल्या आणि १८८१ मध्ये पूर्ण अधिकार मिळालेल्या महाराजांनी गाण्याकडेही कारभाराच्या शिस्तीने पाहिलं. गवई, वादक, नर्तकी यांच्यासाठी दरबारात 'कलावंत कारखाना' नावाचं खातंच होतं. महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाई तंजावरच्या. त्यांच्याबरोबर आलेल्या तंजावरच्या नर्तकीही याच दरबाराच्या आश्रयाला होत्या. १८८६ मध्ये दरबारी गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा उघडली. सूरसागराच्या काठावरचं आजचं म्युझिक कॉलेज हा त्याच शाळेचा वारसा. संध्याकाळी तलावाकडेने जाताना आतून तंबोरे जुळवल्याचा आवाज येतो, तेव्हा मला नेहमी वाटतं, चित्रपटाचं पहिलं दृश्य इथलंच असावं.

त्या दरबारात उत्तरेकडच्या कैराना गावचा (किराणा घराण्याचं नाव याच गावावरून), विशीतला एक गवई आपल्या भावाबरोबर आला. अब्दुल करीम, जन्म १८७२. भाऊ अब्दुल हक. आवाज बारीक, टोकदार, आणि सुराला इतका पक्का की ऐकणारा हलत नसे. सरदार मारुतीराव माने यांची मुलगी तारा त्यांच्याकडे गाणं शिकू लागली.

आज हे वाचताना त्यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा ते फार मोठं होतं. सरदार घराण्यातल्या मराठा मुलीने घरात दोन पदं म्हणणं वेगळं आणि उस्तादासमोर बसून ख्याल शिकणं वेगळं. जाहीर गाणं तेव्हा पेशाने गाणाऱ्या बायकांचं मानलं जाई, घरंदाज बाईचं नव्हे. त्यात गुरू मुसलमान, नोकरीतला गवई, आणि त्याचं गफूरनशी आधीच लग्न झालेलं. जात, धर्म, प्रतिष्ठा, राजाची मर्जी यांतली एकही गोष्ट या दोघांच्या बाजूची नव्हती. एकोणिसावं शतक संपता संपता दोघांना बडोदं सोडावं लागलं.

इथून पुढची वीसेक वर्षं चित्रपटवाले बहुधा एका गाण्यात गुंडाळतील. तसं करू नये. १९०४-०५ च्या सुमारास खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तासभर चालणारा ख्याल तीनेक मिनिटांत बसवायचा, ही त्या काळच्या गवयांची मोठीच परीक्षा होती. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. शिष्य घरचेच, राहणं-जेवणं गुरूकडे, आणि खर्चाची तोंडमिळवणी जलशांच्या उत्पन्नातून. दरम्यान पाच मुलं झाली. नोकरचाकरांत वाढलेल्या सरदाराच्या मुलीचा या घरातला दिवस कसा सुरू होत असेल? पहाटे शिष्यांचा खर्ज लागला असेल, मुलं उठली असतील आणि चूल पेटायची असेल. मी दिग्दर्शक असते तर कॅमेरा राजवाड्यापेक्षा या स्वयंपाकघरात जास्त वेळ ठेवला असता.

मग १९२० च्या आसपास ताराबाई वेगळ्या झाल्या. पाचही मुलं घेऊन. जिच्यासाठी माहेर तुटलं होतं तीच संसाराची जागा आता सोडली, म्हणजे मागे परतायला दारच नाही. तरी त्या बाहेर पडल्या.

आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले. चंपाकलीची हिराबाई झाली. गुलाबची कमलाबाई, सकीनाची सरस्वती, अब्दुल हमीदचे कृष्णराव. मुलगे माने झाले, हिराबाई आणि कमलाबाई बडोदेकर. आईने आपलं आडनाव आणि आपलं गाव, दोन्ही मुलांना वाटून दिलं. ज्या गावात तिला जागा उरली नव्हती, त्याच गावाचं नाव पुढे महाराष्ट्रभर जाहिरातींवर, तबकड्यांवर छापून आलं. या नावबदलामागे व्यवहार होता हे उघड आहे: हिंदू मध्यमवर्गीय श्रोत्यांसमोर मुलींना उभं करायचं होतं. पण नुसता व्यवहार असता तर दुसरं कुठलंही आडनाव चाललं असतं. मला त्यात माहेरची ओढही दिसते आणि हक्क सांगणंही.

या सगळ्यात माझ्या मनात सगळ्यात जास्त घर करून बसलेली गोष्ट म्हणजे हिराबाईंची तालीम. वडिलांपासून घर वेगळं झालं, आता शिकवणार कोण? शिकवलं अब्दुल वहीद खाँसाहेबांनी. किराण्याचेच, संथ आलापीचे थोर गवई, कानाने अधू म्हणून लोक त्यांना 'बहिरे वहीद खाँ' म्हणत. आणि ते गफूरनचे भाऊ. खाँसाहेबांच्या पहिल्या पत्नीच्या भावाने ताराबाईंच्या मुलीला आपली विद्या दिली. त्या खोलीत तंबोरा वाजत असताना कुणाच्या मनात काय चाललं असेल, हे नुसतं डोळ्यांपुढे आणून पाहावं. यासाठी संवाद लिहायची गरजच नाही.

हिराबाई तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी. दोन्ही खांद्यांवरून पदर, हातवारे नाहीत, चेहऱ्यावर शांतपणा. घरंदाज बाई मैफलीत बसून गाऊ शकते, हे त्यांनी बोलून नाही, बसून दाखवलं. भावंडांनी नाटक मंडळीही चालवली. स्त्रीपार्ट पुरुषांनी करायचे ते दिवस अजून सरले नव्हते, त्या काळात या बहिणी स्वतः रंगभूमीवर उभ्या राहिल्या. पुढे हिराबाई आणि सरस्वतीबाईंनी जुगलबंदी गायली, दोघी बहिणींची, आणि तीही लोकांनी डोक्यावर घेतली. सुरेशबाबूंनी शिष्य घडवले. प्रभा अत्रे त्यांच्याच हाताखाली शिकल्या. १९७० मध्ये हिराबाईंना पद्मभूषण मिळालं.

खाँसाहेबांच्या बाजूने पाहावं तर तिकडेही गाणं फुलतच होतं. सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांनी तयार केला. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्यांत झिंझोटीची ठुमरी आहे, 'पिया बिन नहीं आवत चैन'. आमच्याकडे ती लागली की बोलणं थांबतं. आवाज रेशमाच्या धाग्यासारखा ताणला जातो आणि तुटत नाही. चित्रपटात ही ठुमरी ताराबाई दार ओढून बाहेर पडतात त्या दृश्यावर टाकायचा मोह होईलच. माझी विनंती आहे, टाकू नये. वेगळं होणं आणि ही तबकडी यांत बरीच वर्षं गेली आहेत. एका गायकाच्या साऱ्या गाण्याला एका विरहाचं कारण चिकटवलं, की गाणंही लहान होतं आणि बाईही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना वाटेतच त्रास होऊ लागला. सिंगपेरुमालकोइल या लहानशा स्टेशनावर ते उतरले आणि तिथेच गेले. फलाटावर नमाज पढून, तंबोरा लावून, सूर घेत घेत त्यांनी प्राण सोडला असं सांगतात. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात तिथे आजही गवई हजेरी लावतात.

चित्रपट बहुतेक या फलाटावर संपेल. ताराबाई मात्र त्यानंतर ९ वर्षं जगल्या, १९४६ पर्यंत. त्या वर्षांतला १९४३ सालचा 'रामराज्य' हा चित्रपट देशभर चालला. त्यात पडद्यावर सीता दुसरीच कुणी होती. 'बीना मधुर मधुर कछु बोल' गाणारा आवाज होता सरस्वतीबाईंचा, म्हणजे एकेकाळच्या सकीनाचा, आणि तिची आई तेव्हा हयात होती.