नॅशनल पार्क, खाडी नि कांदळवनात रिसर्च करायचाय? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी परवानगीची पूर्ण माहिती

एमएस्सीच्या तिसऱ्या-चौथ्या सेमचा रिसर्च प्रोजेक्ट असो नाहीतर पीएचडी, विषय बिबट्या, खाडीतले पक्षी, आरेतले कोळी-विंचू किंवा तुळशी तलावाचं पाणी यातला काहीही असो, फिल्डवर जायच्या आधी परवानगी लागते आणि ती कोणाची हे बऱ्याच जणांना सेमिस्टर अर्धं संपल्यावर कळतं. मग घाईघाईत विषय बदलला जातो आणि चांगला प्रश्न हातातून जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एका जागी लिहितोय.

सुरुवातीला दोनच गोष्टी ठरवा. जागा कोणाच्या ताब्यात आहे, आणि तिथे तुम्ही नेमकं काय करणार, म्हणजे फक्त बघणार, काही उचलून आणणार की प्राणी पकडणार. पुढचं सगळं यावरच ठरतं.

आधी जागा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटर आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित क्षेत्र आहे. अभयारण्यात अभ्यास किंवा संशोधनासाठी प्रवेशाचं परमिट कलम 28 खाली मिळतं, आणि कलम 35 मुळे तोच नियम राष्ट्रीय उद्यानाला पण लागू होतो. परमिट द्यायचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा, त्यांचं ऑफिस नागपूरला. बोरिवलीत उद्यानाचे संचालक बसतात, त्यांचा अभिप्राय फार महत्त्वाचा असतो, पण फक्त बोरिवलीत कोणाशी तोंडी बोलणं झालं म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. मॉर्निंग वॉकचा पास किंवा गेटवरचं तिकीट यावर तर डेटा गोळा करता येतच नाही, ते फिरण्यासाठी आहे.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा) मिळाला. ते वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे (मॅन्ग्रोव्ह सेल) आहे, पण अभयारण्य असल्यामुळे कलम 28 इथेही आहेच. अभयारण्याच्या बाहेरची कांदळवनं, म्हणजे गोराई, वर्सोवा, मालवणीकडची वगैरे, यातली सरकारी जमिनीवरची बरीचशी भारतीय वन अधिनियम 1927 खाली वन म्हणून अधिसूचित झालीत, तिथे कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या. आरेमध्ये जरा गुंता आहे कारण काही भाग वनखात्याकडे गेलाय आणि बाकीचा दुग्धविकास विभागाकडे आहे, त्यामुळे तुमचा प्लॉट नेमका कुठे पडतो हे जीपीएस पॉइंट घेऊन नकाशावर बघा आणि तो नकाशाच अर्जाला जोडा. तुळशी आणि विहार तलाव जंगलाच्या कुशीत असले तरी पाणी मुंबई महापालिकेचं आहे, म्हणजे पाण्याचे नमुने घ्यायचे तर वनखात्यासोबत महापालिकेच्या जलअभियंता विभागालाही पत्र द्यावं लागणार.

आता दुसरी गोष्ट, हात कशाला लावणार. ठरलेल्या वाटेवरून चालत पक्षी मोजणं, आवाज रेकॉर्ड करणं, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावणं हे कलम 28 च्या परमिटमध्ये बसतं, फक्त अर्जात प्रत्येक पद्धत स्पष्ट लिहिलेली हवी. पण पानं, माती, विष्ठा, मेलेला किडा असं काहीही उचलून बाहेर आणायचं असेल तर वेगळा विचार करायला लागतो कारण संरक्षित क्षेत्रातून काहीही काढून नेण्यावर कायद्यात कडक बंदी आहे, आणि कायद्यातल्या वन्यजीव शब्दात झाडंझुडपं पण येतात हे बॉटनीवाले हमखास विसरतात. किती नमुने, किती ग्रॅम, कुठल्या लॅबमध्ये जाणार, उरलेल्याचं काय करणार, सगळं लिहा. किड्यांसाठी पिटफॉल ट्रॅप (किडे पडावेत म्हणून जमिनीत पुरलेलं भांडं) लावताना त्यात केमिकल घालणार असाल तर तेही लिहाच, वन्यजीवांना इजा होईल असे पदार्थ वापरायला मनाई आहे.

प्राणी पकडायचा असेल, भले मोजमाप घेऊन लगेच सोडायचा असेल तरी, कायद्याच्या व्याख्येत पकडणं हे शिकारीतच मोडतं. त्यासाठी कलम 12 खाली खास परमिट लागतं आणि प्राणी अनुसूची 1 मधला (कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतला) असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी, नसेल तर राज्य सरकारची. 2021 मध्ये उद्यानात बिबट्यांना रेडिओ कॉलर लावल्या गेल्या तो प्रोजेक्ट वनखात्याने एका संस्थेबरोबर केला होता, एका सेमिस्टरचं ते काम नाहीच. दुसरीकडे 2015 च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात उद्यान आणि आजूबाजूच्या परिसरात 35 बिबटे मोजले गेले, एकाही बिबट्याला हात न लावता, अंगावरच्या ठिपक्यांवरून. विद्यार्थ्यांनी शक्यतो असा मार्ग धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. अनुसूच्या मात्र नव्याच तपासा, 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूच्या झाल्या आणि बऱ्याच प्रजातींची जागा बदलली, जुन्या थिसिसमधून कॉपी केलेला अनुसूची क्रमांक चुकीचा निघू शकतो.

आणि हे फक्त जंगलापुरतं नाही हां. हाजी अली, वरळीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जाऊन काम करणारे खूप जण आहेत, किनारा सगळ्यांसाठी मोकळा आहे पण तिथले प्रवाळ अनुसूची 1 मध्ये आहेत. कोस्टल रोडच्या कामात तिथले प्रवाळ दुसरीकडे हलवायला सुद्धा आधी वन्यजीव कायद्याखाली परवानगी काढावी लागली होती. फोटो काढा, क्वाड्रॅट (ठराविक मापाची चौकट) टाकून मोजा, तुकडा तोडून आणू नका.

पात्रतेचं थोडक्यात सांगतो. कलम 28 मध्ये डिग्रीची कुठलीही अट नाही, पण विद्यार्थ्याने एकट्याच्या नावाने पाठवलेला अर्ज पुढे सरकणं अवघड असतं, त्यामुळे अर्ज कॉलेज, विद्यापीठाचा विभाग किंवा मान्यताप्राप्त संशोधन संस्था यांच्यामार्फत द्या, जबाबदार संशोधक म्हणून गाईडचं नाव नि सही, आणि फिल्डवर जाणारे म्हणून तुमचं नाव. सोबत मित्र, फिल्ड असिस्टंट कोणीही येणार असेल तर त्यांचीही नावं आत्ताच टाका, परमिटवर नाव नसलेल्या माणसाला गेटवर थांबवतात आणि ते बरोबरच आहे. टीममध्ये कोणी परदेशी नागरिक किंवा अनिवासी भारतीय असेल, किंवा नमुने बाहेरच्या देशात पाठवायचे असतील, तर जैवविविधता कायदा 2002 लागतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज जातो.

कागदपत्रं म्हणाल तर कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुख किंवा प्राचार्यांच्या सहीचं कव्हरिंग लेटर, बोनाफाईड, सगळ्यांची ओळखपत्रं, गाईडचा बायोडेटा, पीएचडी असेल तर विषय मंजुरीचं पत्र, अटी पाळण्याचं हमीपत्र. जिवंत पाठीच्या कण्याच्या प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. ड्रोन उडवायचा तर त्याची परवानगी पूर्ण वेगळी, मुंबईत मी तर म्हणेन त्या वाटेला जाऊच नका. कायद्यात परमिटची फी पण आहे, सध्या किती आणि कशी भरायची ते ऑफिसमध्येच विचारून घ्या.

पण या सगळ्यात खरा जीव असतो तो प्रपोजलमध्ये. चार ते सहा पानं पुरतात. वाचणारा अधिकारी रोज जंगल चालवतो, त्याला तुमच्या विषयाचा पन्नास वर्षांचा इतिहास नकोय, त्याला हवंय की तुम्ही कुठल्या रेंजमध्ये (वनपरिक्षेत्रात), त्यातल्या कुठल्या बीटमध्ये (एका वनरक्षकाच्या भागात), कुठल्या महिन्यात, किती वाजता, किती माणसं घेऊन, काय सामान घेऊन जाणार. रात्री जायचंय का? बेडकांवर काम असेल तर जावंच लागणार, मग ते ठळक लिहा आणि सोबत वनरक्षक मिळावा अशी विनंती करा. शेवटी या अभ्यासाचा उद्यानाला काय उपयोग हे मनापासून लिहा. रस्त्यावर साप कुठे जास्त मरतात, घाणेरी कुठे पसरतेय, भटके कुत्रे आत किती लांब येतात, अशा प्रश्नांची उत्तरं वनखात्याला खरोखर हवी असतात. या प्रपोजलचा मराठीत एक पानी सारांश करून जोडलात तर रेंज ऑफिसपर्यंत सगळ्यांना वाचता येतं, फार फरक पडतो.

अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नावाने, आणि एक प्रत त्याच दिवशी बोरिवलीला संचालकांच्या ऑफिसला किंवा खाडीचं काम असेल तर कांदळवन कक्षाला. ईमेल करा पण हार्ड कॉपी पण द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घ्याच, पुढे फोन केला की तोच नंबर विचारतात. नागपूरहून फाईल अभिप्रायासाठी मुंबईला येते, इथून परत जाते, यात महिने जाऊ शकतात. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे इथे असतात, तर अर्ज पावसाळ्याच्या आधीच गेलेला बरा, पावसाळी बेडकांचं काम असेल तर आदल्या हिवाळ्यात. एवढा वेळ हातात नसेल तर एका सेमच्या प्रोजेक्टसाठी सरळ महापालिकेची उद्यानं, कॉलेजचा कॅम्पस, सोसायट्यांची झाडं असे विषय घ्या, तिथे जागेच्या मालकाचं पत्र पुरतं, आणि नुसतं निरीक्षण असेल तर कामही चांगलं होतं.

पाड्यांवर किंवा कोळीवाड्यात मुलाखती घेणार असाल तर संस्थेच्या मानवी नैतिकता समितीची मंजुरी घ्या आणि लोकांची संमती मराठीत, समजेल अशा भाषेत. उद्यानातली वारली कुटुंबं पिढ्यान्पिढ्या तिथे राहतात, बऱ्याच जणांच्या डोक्यावर पुनर्वसनाची टांगती तलवार आहे, कोणाचं घर कुठे, कोण जंगलातून काय आणतं असली माहिती नावानिशी थिसिसमध्ये छापू नका.

परमिट हातात आलं की आधी मुदत बघा, मग अटी. पहिल्या दिवशी रेंज ऑफिसला जाऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना प्रत द्या, बीटच्या वनरक्षकाचा नंबर घ्या, जायच्या आदल्या दिवशी त्यांना कळवा, आणि परमिटची झेरॉक्स कायम बॅगेत ठेवा. मुदत वाढवायची असेल तर ती संपायच्या बरीच आधी तोपर्यंतच्या कामाचा छोटा रिपोर्ट जोडून अर्ज करा. काम संपल्यावर थिसिसची प्रत आणि दोन पानी मराठी सारांश उद्यानाच्या ऑफिसला द्या, जमलं तर ज्या वनरक्षकाने तुमच्याबरोबर रात्री काढल्या त्याच्याही हातात एक प्रत द्या, नि आभाराच्या पानावर त्याचं नाव त्याला विचारून टाका.