पिंपाभोवतीचं पांढरं कडं

मलेरियाची फवारणी करायला येणारी माणसं भिंतीवर तारीख लिहून जायची, हे अनेकांना आठवत असेल. त्यांच्या पंपात असायचं ते डीडीटी. अमेरिकेतला त्याचा सर्वांत मोठा कारखाना लॉस एंजेलिसजवळ टॉरन्सला होता. १९४७ ते १९८२ अशी पस्तीस वर्षं तो चालला आणि त्याची बरीच घाण समोरच्या समुद्रात गेली.

२०११ साली डेव्हिड व्हॅलेंटाइन या शास्त्रज्ञानं त्या समुद्रात यंत्रमानव सोडले. सुमारे ९०० मीटर खोल, मिट्ट काळोखात दिव्याच्या झोतात गंजलेली पिंपं दिसली. काहींभोवती गाळावर पांढरं कडं उमटलेलं होतं.

डीडीटी शोधणं अवघड, कारण ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गाळाला आणि प्राण्यांच्या चरबीला चिकटून बसतं. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, तेव्हा पाणबुड्या यंत्रमानवावर बसवलेल्या वस्तुमान वर्णपटमापीनं (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणारं उपकरण) खोल पाण्यातला तेलाचा ३५ किलोमीटर लांब लोट जागीच हुंगून काढला. तेलातले अनेक घटक पाण्यात मिसळतात म्हणून ते जमलं. गाळात रुतलेल्या विषापुढे ही युक्ती चालत नाही. तिथे आधी ध्वनीनं वस्तू शोधायची, मग कॅमेऱ्यानं पाहायची आणि शेवटी गाळ काढून तपासायचा.

मार्च २०२१ मध्ये स्क्रिप्स या अमेरिकेतल्या समुद्रविज्ञान संस्थेनं टॉर्पेडोच्या आकाराचे दोन यंत्रमानव तिथे उतरवले. शेतात नांगराची तासं पडावीत तसे ते तळाशी समांतर पट्टे घेत फिरले, दोन्ही बाजूंना ध्वनी सोडत, प्रतिध्वनी टिपत. सुमारे ३६ हजार एकरांत पिंपासारख्या २७ हजार वस्तू निघाल्या. साहजिकच सगळ्यांनी धरून चाललं की हीच डीडीटीची पिंपं. पण प्रतिध्वनी आकार सांगतो, आत काय आहे ते नाही. पुढे कॅमेरे जवळ नेले, तेव्हा यातल्या बऱ्याच वस्तू दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा निघाल्या. जुनी कागदपत्रं चाळल्यावर कळलं, की डीडीटीची आम्लयुक्त घाण बहुतांशी पिंपांत भरलेलीच नव्हती. बार्जवरून ती थेट समुद्रात ओतली जायची. हे वाचताना मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. पिंप निदान उचलता तरी येतं.

मग ती पांढरी कडी कसली? ‘सुबॅस्टियन’ नावाच्या यंत्रमानवानं पाच पिंपांजवळ ठरावीक अंतरांवर नळ्या खुपसून गाळ काढला. त्यातल्या तीन पिंपांभोवती कडं होतं. पिंपाजवळ जावं तसं डीडीटी वाढायला हवं होतं. तसं आढळलं नाही. वाढला होता तो सामू, म्हणजे पीएच. तो १२ च्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ चुन्याच्या निवळीइतका. पिंपातून झिरपणारा तीव्र अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, समुद्राच्या पाण्यातल्या मॅग्नेशियमशी जुळून काँक्रीटसारखं कठीण कवच बनवतो. त्याचा तुकडा काढायला यंत्रमानवाचा हात वापरावा लागला. हे कवच सावकाश विरघळत राहतं, अल्क टिकून राहतो, आणि कडेला कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी भुकटी साचते. कड्यातल्या गाळात जीवसृष्टी इतकी विरळ, की सूक्ष्मजीवांचा डीएनए मिळवतानाही संशोधकांची दमछाक झाली.

पाहिलेल्या पिंपांपैकी जवळपास एक तृतीयांश पिंपांभोवती असं कडं आहे. २०२५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आता नुसत्या कॅमेऱ्यातूनही अल्क गळणारं पिंप ओळखता येतं. ओतलेलं डीडीटी मात्र कुठलंच कडं उमटवत नाही. त्यासाठी आजही गाळच वर आणावा लागतो, एकेक नळी भरून.