कोकणातल्या आडनावाचा माग: बोटखतापासून वंशावळीपर्यंत

जुन्या नोंदींच्या नकलांना २०२३ नंतर एकदम भाव आला. त्या वर्षी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली, आधी मराठवाड्यापुरती आणि नंतर राज्यभरासाठी. एरवी धूळ खात पडलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कोकणात या निमित्ताने एक जुनीच अडचण नव्याने उघडी पडली. माणसे कचेरीत जातात ती आडनाव घेऊन, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदात नेमके तेच नसते.

तिथे सापडतो तो ‘धोंडू बिन राघो’, म्हणजे राघोचा मुलगा धोंडू. मुसलमान खातेदाराच्या नावात त्याच अर्थाने बहुधा ‘वलद’ येतो, बाईचे नाव असेल तर ‘कोम’ किंवा ‘जौजे’ लावून नवऱ्याचे नाव. महारवाड्यातल्या नोंदींत नावाला ‘नाक’ जोडलेले असते. भीमा कोरेगावच्या स्तंभावरच्या नावांतही ते दिसते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळे आजच्या आडनावाच्या शुद्धलेखनावर हटून बसण्यात काही अर्थ नाही. लिहिणाऱ्याला बाप कोण आणि गाव कुठला एवढे पुरे होते. गावात दुसरा धोंडू बिन राघो निघालाच, तर वाडीचे नाव किंवा धंदा जोडून भागायचे.

‘कर’ लागलेली आडनावे बघून गाव सापडले असे वाटते, पण बहुतेकदा ते घराणे सोडून आलेले गाव असते. मालवणात राहणाऱ्याला कोणी मालवणकर म्हणत नाही. तो वेंगुर्ल्याला किंवा मुंबईला गेल्यावर मालवणकर होतो. शिवाय या ‘कर’वरून जात कळत नाही, धर्मही कळत नाही. अलिबाग-पेण पट्ट्यातल्या बेने इस्रायलांत किहीमकर आणि पेणकर आहेत, कोकणी मुसलमानांत ‘कर’ने संपणारी आडनावे ढिगाने आहेत. खोत, देशमुख, महाजन, मुकादम ही तर हुद्द्यांची नावे. हुद्दा गेला, नाव चिकटले.

पेशवाईतले कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. तिथे कोकणच्या तालुक्यांचे हिशेब, इनामे, वतनाचे तंटे भरपूर आहेत. पण ते मुख्यतः वतनदार, इनामदार, गडकरी यांचे. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या साध्या कुळाचे घराणे तिथे लागले तर नशीब.

त्याआधी कोणत्या कचेरीत जायचे ते ठरवावे लागते, आणि इथेच निम्मे लोक वाट चुकतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणून तिथली जुनी कागदपत्रे रत्नागिरीची, हे ढोबळमानाने खरे. सावंतवाडी मात्र १९४८ पर्यंत संस्थान होते, त्याचे दफ्तर आणि त्याच्या महसुलाची रीत वेगळी. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा जंजिरा संस्थानाचा मुलूख. तोही १९४८ मध्ये कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचे पुढे रायगड झाले.

आता खोतीकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरण्याच्या वतनाकडे. आडनावाच्या शोधात हिला इतके महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे: रत्नागिरी जिल्ह्यातल्या बहुसंख्य गावांत सरकारशी व्यवहार खोताचा होता, कुळाचा नव्हता. देशावरच्या रयतवारी गावात शेत कसणारा स्वतःच्या नावाने खातेदार होई. खोती गावात सारा भरायचा तो खोत, म्हणून कागदात ठळक तो खोत. कूळ त्याला भातजमिनीवर अर्धेल (पिकाचा अर्धा हिस्सा) आणि वरकसवर (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर) तिर्धेल (तिसरा हिस्सा) घाली. ते माप खोताच्या वहीत लिहिले जाई आणि ती वही खोताच्या घरी राही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सरकारी जमीनमोजणीचा सर्व्हे कोकणात उतरला, तेव्हा प्रश्न उभा राहिला तो हा: शेताच्या नंबरासमोर नाव कोणाचे लिहायचे? सर्व्हे अधिकाऱ्यांचा कल कुळाचे नाव आणि त्याचे देणे कागदावर आणण्याकडे होता. खोतांचे म्हणणे असे की गाव आमचा, कूळ आम्ही वसवलेले, त्याचे नाव सरकारी नोंदीत चढले की उद्या तो मालकी सांगणार. अर्ज, दावे, मुंबईपर्यंत खटपटी, हे पुढे कितीतरी वर्षे चालले. कुळांच्या बाजूने लिहिणारे तेव्हा फारसे कोणी नव्हते. लिहिता येणारे बहुतेक खोताच्याच घरचे.

या तंट्यातून १८८० चा खोती कायदा निघाला. त्याला तडजोड म्हणायची पद्धत आहे. तडजोडीत कोणाच्या वाट्याला काय आले ते बघावे. कायद्याने कुळांच्या पायऱ्या पाडल्या: वर फक्त सरकारी साऱ्याएवढेच देणारे धारेकरी, मग दुपटकऱ्यांसारखे अर्धे-मुर्धे धारेकरी, त्याखाली वहिवाटीचा हक्क असलेले कूळ, आणि तळाला ज्याला काहीच हक्क नाही असा. वहिवाटीचे कूळ ठरायचे तर १८४५ च्या महसुली वर्षाच्या आरंभापासून जमीन सलग आपल्याकडे किंवा आपल्या वाडवडिलांकडे आहे, हे दाखवायचे. म्हणजे ज्याच्या घरात कागदाचा तुकडा नाही, त्याने पस्तीस वर्षांमागची वहिवाट सिद्ध करायची, आणि लेखी पुरावा कुठे होता? खोताच्या वहीत.

या पायऱ्यांप्रमाणे गावोगाव जे रजिस्टर झाले ते बोटखत. सर्व्हे नंबर, धारण करणाऱ्याचे नाव, त्याचा प्रकार, द्यायचे धान्य किंवा रोकड, असे त्याचे अंग. त्यातली रीतसर नोंद कायद्याने निर्णायक पुरावा मानली, त्यामुळे पुढच्या पिढ्यांचे दावे त्याच्याभोवती फिरत राहिले. घराणे शोधणाऱ्याला बोटखत सोन्यासारखे आहे, कारण कोकणातल्या असंख्य कष्टकरी घरांचा पहिला लेखी पूर्वज तिथेच भेटतो. पण ज्याला १८४५ पर्यंत मागे जाता आले नाही, त्याचा आजा त्या शेतात राबत असूनही कागदावर दुबळाच राहिला, आणि दरवर्षी हलवता येणारे कूळ असेल तर पुढच्या नोंदींत त्याचा धागा तुटतो. आडनाव सापडत नाही म्हणून ‘आमचे लोक या गावचे नव्हेतच’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

१९०३ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने हक्कनोंदी आल्या आणि त्यांच्यासोबत फेरफार, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याच्या नोंदी. आजही मागे जायची सगळ्यात भरवशाची शिडी तीच. फेरफाराच्या पानावर डावीकडे नोंदीचा क्रमांक, मग हकिगत: अमुक मयत झाला, वारस अमुक दोन मुलगे, एक मुलगी, विधवा, पुढे शेताचे नंबर, शेवटी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा आणि सही. वारसाची एक नोंद म्हणजे वंशावळीची एक पिढी. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात जो आकडा असतो, तो याच फेरफाराचा.

मात्र इथेही एक खाचखळगा आहे: ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव लागले की धाकटे कागदावरून गेलेच. कोकणात हे धाकटे बहुधा मुंबईत गिरणीत किंवा गोदीत असत, गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. त्यांच्या मुलांनी शाळेत कधी गावाचे, कधी घराण्याचे नाव लावले. एकाच घरातली दोन आडनावे अशी तयार झाली. एक सातबाऱ्यावर राहिले, दुसरे मुंबईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळे कायद्याने मालक मानली गेली, आणि त्यानंतरच्या नोंदींत आडनावे नीट दिसू लागतात. तलाठ्याने ऐकली तशी. महारवाड्यांतल्या अनेक कुटुंबांनी १९५६ च्या धर्मांतराच्या आगेमागे नावे बदलली, त्यामुळे तिथे ‘नाक’पासून आजच्या आडनावापर्यंत पोचायला गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद आणि शाळेचे जनरल रजिस्टर दोन्ही धुंडाळावी लागतात. दक्षिण कोकणात देवस्थानच्या मानपानाचे दावे कामी येतात. पालखी आधी कोणाच्या दारी, यावर कोर्टात गेलेल्या मानकऱ्यांनी सात-सात पिढ्यांच्या वंशावळी दाखल केलेल्या असतात. भांडणाने केलेले हे एक उपकारच.

आजचा रेटा मात्र जातीच्या दाखल्याचा आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून त्याआधीच्या प्रत्येक चिठोऱ्याला किंमत आली. पण कदम, शिंदे, पवार, जाधव ही आडनावे कोकणात मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. गावात त्याच आडनावाच्या कोणाची तरी कुणबी नोंद निघाली, एवढ्यावर काही ठरत नाही. रक्ताचे नाते जोडून दाखवावे लागते. ते जोडायला पुन्हा फेरफार, आणि त्यामागे बोटखत. जुने कागद आता स्कॅन होऊन पडद्यावर येत आहेत ही सोय मोठी आहे, पण शोधाच्या चौकटीत आडनाव टाकून बसणाऱ्याला धोंडू बिन राघो भेटणार नाही. आजच्या सातबाऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा काढायचा, त्या नंबराचे फेरफार उलट क्रमाने वाचत जायचे, आणि मोडी लागली की जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यायचे, हाच रस्ता आहे.