ब्रिटनमधील घर : आकार, किंमत आणि उबेचा खर्च

ब्रिटनमध्ये घराची ओळख बेडरूमच्या संख्येवरून सांगतात. ‘थ्री बेड सेमी’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला चित्र कळते : एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेले दुमजली जोडघर, खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या व न्हाणीघर. कार्पेट एरिया विचारूनच बोलणी सुरू करणारा मराठी माणूस तिकडे घर शोधू लागला की पहिल्यांदा इथेच अडखळतो. १९३० च्या दशकातल्या जोडघरांत तिसरी खोली बहुधा जिन्याच्या वर येते. जिना चढताना डोके आपटू नये म्हणून खोलीच्या एका कोपऱ्यात जमीन कट्ट्यासारखी उचललेली असते आणि त्याच कट्ट्यावर गादी टाकून मुलाची झोपायची सोय करतात. या खोलीला ‘बॉक्स रूम’ म्हणतात. जाहिरातीत तीही बेडरूमच मोजली जाते.

इंग्लंडमधील घराचे सरासरी क्षेत्रफळ सुमारे ९५ चौ. मी., म्हणजे हजार चौ. फुटांच्या आसपास आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या गृहनिर्माण कायद्याने सरकारी मदतीने घरे बांधण्याचे काम नगरपालिकांकडे आले, तेव्हापासून घर किती मोठे असावे हा तेथे सार्वजनिक प्रश्न आहे. त्याचे सर्वांत नेमके उत्तर सरकारने नेमलेल्या पार्कर मॉरिस समितीने १९६१ मध्ये दिले. तिच्या अहवालात जागा आणि ऊब या दोन गोष्टी एकत्रच मांडल्या होत्या. कारण सरळ होते : वरच्या मजल्यावरची खोली हिवाळ्यात गारठलेली असेल तर तिथे मूल अभ्यासाला बसत नाही, सारे कुटुंब खालच्या एका गरम खोलीत दाटीने राहते आणि कागदावरचे क्षेत्रफळ वाया जाते. बाहेर उणे १ अंश सेल्सिअस असताना बैठकीच्या खोलीत १८ अंश तापमान राखता आले पाहिजे, असे मानक समितीने सुचवले. १९६९ मध्ये ही मानके नगरपालिकांच्या सर्व नव्या घरांना सक्तीची झाली. १९८० मध्ये ती सक्ती काढून टाकण्यात आली. ही मोठी चूक होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. २०१५ मध्ये इंग्लंडने नवे राष्ट्रीय मानक आणले (पाच माणसांच्या, तीन बेडरूमच्या दुमजली घराला किमान ९३ चौ. मी.), पण ते लागू करायचे की नाही हे स्थानिक नियोजन संस्थांवर सोडले. २०१३ पासून कार्यालयांच्या इमारतींचे नेहमीच्या नियोजन परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये रूपांतर करता येऊ लागले आणि काही ठिकाणी खिडकीसुद्धा नसलेल्या खुराड्यांत माणसे राहू लागली. अशा रूपांतरांना किमान क्षेत्रफळाचे बंधन घातले गेले ते एप्रिल २०२१ मध्ये.

किमतींचा चढ मिळकतीशी ताडून पाहिला की नीट कळतो. १९९७ मध्ये इंग्लंडमधील मध्यम किमतीचे घर मध्यम वार्षिक पगाराच्या साधारण साडेतीनपट होते. २०२१ मध्ये हे प्रमाण नऊपटींवर गेले; २०२४ मध्ये ते पावणेआठपटींच्या आसपास उतरले. २०२५ मध्ये संपूर्ण ब्रिटनमधील घराची सरासरी किंमत २ लाख ७० हजार पौंडांच्या घरात होती. लंडनमध्ये ती साडेपाच लाखांच्या आसपास, तर इंग्लंडच्या ईशान्य भागात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात, १० किंग हेन्रीज रोड येथील ज्या घरात १९२१-२२ च्या सुमारास विद्यार्थी असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ३० लाख पौंडांहून अधिक किमतीला घेतले.

या महागाईमागे अनेक कारणे आहेत. १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानंतर जमीन मालकीची असली तरी बांधकामाचा हक्क परवानगीवर अवलंबून राहिला. शहरांभोवतीचे, नव्या बांधकामाला बहुधा मनाई असलेले हरितपट्टे इंग्लंडच्या सुमारे आठव्या हिश्श्यावर पसरले आहेत. १९६८ मध्ये देशभरात चार लाखांहून अधिक घरे बांधली गेली होती; तो आकडा पुन्हा गाठता आला नाही. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेता येऊ लागले, पण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी उभी राहिली नाहीत. त्यात स्वस्त कर्जाची भर पडली. मध्यवर्ती बँकेचा दर मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर होता, तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेला. तेथील गृहकर्जाचा व्याजदर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरताच ठरलेला असतो. त्यामुळे मुदत संपताच अनेक कुटुंबांचा हप्ता एकदम वाढला.

ऊब हा घराच्या किमतीत न दिसणारा, पण दर हिवाळ्यात भरावा लागणारा खर्च. १६६२ मध्ये इंग्लंडात चुलींवर कर बसला, प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. तो १६८९ मध्ये उठला. कोळशाच्या शेगडीचा काळ त्यानंतर बरीच शतके चालला. उत्तर समुद्रात १९६५ मध्ये नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कोळशाच्या वायूवर चालणारी घरोघरची उपकरणे या नव्या वायूसाठी बदलण्यात आली. आज बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर पाणी तापवतो आणि ते नळ्यांतून खोलीखोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरते. सर्वसाधारण कुटुंब वर्षाला ११,५०० युनिट (किलोवॅट-तास) गॅस वापरते असे ऊर्जा क्षेत्राची नियामक संस्था ऑफजेम २०२५ मध्ये धरत होती. त्या सुमारास युनिटला सहा पेन्सच्या आसपास दर होता, म्हणजे स्थिर आकार सोडून सुमारे ७०० पौंड.

ऑफजेमने घरगुती गॅस व विजेच्या दरांवर घातलेली मर्यादा जानेवारी २०१९ पासून आहे. ती युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नव्हे. हे न कळल्यामुळे अनेकांची फसगत झाली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वसाधारण कुटुंबाचे गॅस व विजेचे वार्षिक बिल ३,५४९ पौंडांवर जाणार होते. सरकारने पदरचे पैसे घालून ते २,५०० पौंडांवर थोपवले.

तरीही बिल ठरते ते मुख्यतः भिंतींवर. इंग्लंडमधील दर पाच घरांपैकी साधारण एक १९१९ पूर्वीचे आहे. त्यांच्या नऊ इंची भरीव विटांच्या भिंतींत पोकळी नसते, त्यामुळे आतील ऊब सरळ बाहेर जाते. पोटमाळ्यावर २७० मि.मी. जाडीचा लोकरी थर अंथरणे सोपे आणि स्वस्त. भरीव भिंतीला आतून आवरण घातले तर आधीच लहान असलेली खोली आणखी आखडते. ज्यांना बिल परवडत नाही ते बॉयलर बंद ठेवतात, ओले कपडे खोलीतच वाळत घालतात. सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ उतरतात आणि कपाटामागच्या थंड कोपऱ्यात काळी बुरशी धरते. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे श्वसनाचा आजार होऊन दगावला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा इंग्लंडमधील सामाजिक घरांना (नगरपालिका किंवा ना-नफा संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांना) २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला : तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत उपाय केला पाहिजे आणि गंभीर ओल-बुरशीच्या तक्रारीची दहा कामकाजी दिवसांत तपासणी केली पाहिजे.