वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके तासिका तत्त्वावर घेण्यासाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

जून-जुलै उजाडला की महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक पाहिजेत’ अशा जाहिराती दिसू लागतात; तासिका तत्त्वावर म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन घेऊन. विज्ञान शाखेत त्यांतील बराच कार्यभार प्रात्यक्षिकांचा असतो, आणि त्याला कारण आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला व्याख्यान एकच पुरते. प्रयोगशाळेत मात्र त्याच वर्गाच्या वीस-वीसच्या तीन तुकड्या कराव्या लागतात. नव्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका सत्रात व्याख्यानाचे 15 तास म्हणजे एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे एक श्रेयांक असा हिशेब आहे. त्यामुळे एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थी आठवड्याला दोनच तास येत असला, तरी शिक्षकाचे तीन तुकड्यांचे मिळून सहा तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. पूर्णवेळ शिक्षकांच्या वाटणीनंतर उरलेला कार्यभार तासिका तत्त्वावर दिला जातो. या माहितीत अनुदानित महाविद्यालयांतील पद्धत प्रामुख्याने डोळ्यांसमोर ठेवली आहे.

पात्रतेबद्दल एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. काम अर्धवेळ आहे किंवा ‘नुसते प्रॅक्टिकल घ्यायचे आहे’ म्हणून पात्रता सैल होत नाही. संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी (अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत व प्रगत गटात (क्रीमीलेअरमध्ये) न मोडणारे इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग यांना 5 टक्क्यांची सूट) आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा), अशी पूर्णवेळ पदाचीच अट येथेही आहे. विहित पद्धतीने पीएच.डी. मिळवलेल्यांना नेट-सेटमधून सूट आहे. मात्र 11 जुलै 2009 पूर्वी नोंदणी केलेल्यांनी आपली पदवी नियमित पद्धतीची असल्याचे, प्रबंध दोन बहिःस्थ परीक्षकांनी तपासल्याचे, खुली मौखिक परीक्षा झाल्याचे आणि दोन शोधनिबंध प्रकाशित व दोन परिषदांत सादर केल्याचे प्रमाणपत्र विद्यापीठाकडून घ्यावे लागते. विनाअनुदानित तुकड्यांवर केवळ एम.एस्सी. झालेल्यांना घेतल्याचे सर्रास दिसते. परंतु अशा नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळणे कठीण असते आणि मान्यता नसलेला अनुभव पुढे फारसा कामी येत नाही, हे ओळखूनच तो निर्णय घ्यावा.

जीवशास्त्राच्या उमेदवारांची खरी अडचण ‘संबंधित विषय’ या शब्दांत आहे. नेट किंवा सेट जीवविज्ञान या एकाच सामाईक विषयात होते, पण पदे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशी वेगवेगळी निघतात. परीक्षा एकच असली तरी पद ठरते ते एम.एस्सी.च्या विषयावरून. जैवतंत्रज्ञानातील पदव्युत्तर उमेदवाराला प्राणिशास्त्राच्या पदासाठी अर्ज करायचा असेल, तर जाहिरातीत संलग्न विषयांचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि नसल्यास अर्ज भरण्यापूर्वीच महाविद्यालयाकडे लेखी विचारणा करावी. तोंडी ‘चालेल’ म्हटलेले छाननीच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

प्रमाणपत्र कोणते आहे, हेही नीट पाहावे लागते. जून 2024 पासून नेटचा निकाल तीन वर्गांत लागतो : कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती व सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. यांतील तिसऱ्या वर्गात आलेला उमेदवार अध्यापनासाठी पात्र ठरत नाही. ‘नेट झाली आहे’ असे म्हणत त्याने केलेला अर्ज छाननीत बाद होतो. सेटच्या बाबतीत महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी परीक्षा घेते, तिचे प्रमाणपत्र या दोन राज्यांत चालते. अन्य राज्याची सेट येथे चालत नाही. 1 जून 2002 पूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना मात्र देशभर पात्र मानले जाते.

नेमणुकीच्या प्रक्रियेची सुरुवात उमेदवाराच्या अर्जापासून होत नाही, हे माहीत असले की वाट पाहणे थोडे सुसह्य होते. महाविद्यालय प्रथम विषयवार कार्यभार मांडते, उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयाकडून तो तपासून घेऊन ना-हरकत मिळवते, आरक्षणाची बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे दाखवणारी यादी) पाहते आणि मग जाहिरात देते. त्यानंतर अर्जांची छाननी, निवड समितीपुढे मुलाखत, नियुक्तीपत्र, रुजू अहवाल आणि विद्यापीठाच्या मान्यतेसाठी प्रस्ताव असा क्रम लागतो. नियुक्ती त्या शैक्षणिक वर्षापुरती असते. पुढील वर्षी त्याच महाविद्यालयात घ्यायचे झाले तरी कार्यभार आणि मंजुरी यांचा फेरा पुन्हा होतो.

अर्ज प्राचार्यांच्या किंवा संस्थेच्या सचिवांच्या नावे, जाहिरातीत सांगितला असेल त्याप्रमाणे करावा आणि त्यात जाहिरातीचा दिनांक, विषय व प्रवर्ग स्पष्ट लिहावा. सोबत दहावीपासून पदव्युत्तर पदवीपर्यंतच्या गुणपत्रिका (सर्व सत्रांच्या, केवळ शेवटच्या नव्हे), पदवी प्रमाणपत्रे, नेट किंवा सेटचे प्रमाणपत्र, पीएच.डी. असल्यास ती मिळाल्याची विद्यापीठाची अधिसूचना किंवा पदवी, आधार व पॅन, बँक पासबुकाचे पहिले पान आणि पूर्वीच्या अध्यापनाची अनुभवपत्रे यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात. गुणपत्रिकेवर टक्केवारीऐवजी श्रेणी असेल, तर विद्यापीठाचे रूपांतर सूत्र किंवा प्रमाणपत्र लावावे. 55 टक्क्यांचा वाद बहुतेकदा तिथेच उभा राहतो. आरक्षित जागेसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि ज्या प्रवर्गांना लागू आहे त्यांनी उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही द्यायचे असते. या शेवटच्या प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. जूनमध्ये अर्ज करताना मागच्या वर्षीचा कागद जोडणारे दरवर्षी भेटतात. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्र किंवा विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र जोडावे. अन्यत्र तासिका घेत असल्यास ते लपवू नये. त्या महाविद्यालयाचे ना-हरकत पत्र आणि दोन्हीकडील वेळापत्रक सोबत ठेवावे.

मुलाखतीत प्रात्यक्षिकांवर प्रश्न येतीलच असे गृहीत धरून जावे. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड करून पेशी विभाजनाच्या अवस्था दाखवणे, खोडाचा आडवा छेद घेऊन सॅफ्रॅनिनने रंगवणे, स्पॉटिंगसाठी (नमुना पाहून ओळखण्याच्या परीक्षेसाठी) नमुने निवडणे हे हाताला सवय असलेल्या माणसाला सांगता येते, पाठ केलेल्याला येत नाही. प्राणिशास्त्राच्या उमेदवाराने विच्छेदनाविषयीचे बंधनही माहीत करून घ्यावे : विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि 2014 मध्ये ते थांबवण्याची सूचना केली. झुरळ किंवा बेडूक कापून दाखवण्याचा जुना अनुभव आता जमेची बाजू म्हणून मांडण्यात अर्थ नाही. प्रतिकृती, चित्रफिती आणि संगणकीय साधनांनी तोच भाग कसा शिकवाल, याचे उत्तर तयार ठेवावे.

नियुक्तीपत्र हातात आले की सही करण्यापूर्वी व्याख्यानाचे तास किती आणि प्रात्यक्षिकाचे किती, ही विभागणी पाहावी. राज्य शासन दोन्हींचे दर वेगळे ठरवते आणि प्रात्यक्षिकाचा ताशी दर व्याख्यानापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे एकूण तास सारखे दिसले तरी महिन्याची रक्कम सारखी नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी प्रतिव्याख्यान 1,500 रुपये व दरमहा कमाल 50,000 रुपये असे सुचवले होते. तो आकडा राज्यातील अनुदानित महाविद्यालयाच्या तासिकेला आपोआप लागू होतो असे समजू नये, चालू शासन निर्णयातील दर पाहावा. मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचेच मिळते. सुट्ट्या त्यात धरल्या जात नाहीत, आणि आदल्या दिवशी मुळे स्थिरीकरण द्रावणात घालून ठेवण्यात, अभिरंजक (नमुना रंगवण्याचे द्रावण) तयार करण्यात जाणारा वेळही नाही. म्हणून तुकडीचा क्रमांक, दिनांक, प्रयोगाचे नाव आणि उपस्थित विद्यार्थी यांची नोंद त्याच दिवशी करून विभागप्रमुखांची सही घ्यावी. देयके सत्र संपल्यावर एकत्र मंजूर होणे नवीन नाही, आणि तेव्हा आठवणीवर तास मांडता येत नाहीत.

वर्षअखेरीस अनुभव प्रमाणपत्र मागताना मजकुराकडे लक्ष द्यावे. 2018 च्या विनियमांतील महाविद्यालयीन भरतीच्या तक्त्यात अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2 आणि एकूण कमाल 10 गुण आहेत, व वर्षाहून कमी काळाला त्या प्रमाणात गुण मिळतात. पूर्वसेवा धरण्याचा, म्हणजे आधीची नोकरी पुढच्या सेवेत मोजण्याचा, नियम मात्र याहून कडक आहे : पात्रता पूर्ण असणे आणि रीतसर निवड समितीने निवड केलेली असणे यांच्या जोडीला, मिळालेले एकूण वेतन नियमित शिक्षकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे अशी अट आहे. तासिकेच्या मानधनात ती सहसा पूर्ण होत नाही. प्रमाणपत्रावर नियुक्तीचा कालावधी दिनांकांसह, विषय, स्तर, आठवड्याचे व्याख्यान व प्रात्यक्षिकाचे तास आणि विद्यापीठ मान्यतेच्या पत्राचा क्रमांक असावा. मान्यतापत्राची प्रत महाविद्यालयाच्या कार्यालयातून त्याच वर्षी मागून घ्यावी.